‘रेबेल असॉल्ट’ पार करताना: एका प्रॉम्प्टरची वही

‘रेबेल असॉल्ट’ या संगणकावरच्या खेळात पहिल्या संध्याकाळी माझं विमान एकाच वळणावर नऊ वेळा आपटलं. दहाव्या वेळी मी चिडून माऊसवरचा हात काढला, हाताची घडी घातली आणि नुसती बघत बसले. विमान कडेला घासत, ठेचकाळत जायचं तसं गेलं. पण हात मोकळे असल्यामुळे प्रथमच माझं लक्ष विमानावरून दरीवर गेलं, आणि दिसलं की ही दरी दर वेळी अगदी तीच आहे. तोच सुळका, तीच सावली, त्याच क्षणाला तेच वळण. मी पंधरा वर्षं हौशी नाटकांच्या विंगेत वही धरून प्रॉम्प्टिंग केलंय. समोर तेच ते आणि त्याच क्रमाने घडत असेल तर काय करायचं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. वही काढली.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘स्टार वॉर्स: रेबेल असॉल्ट’ लुकासआर्ट्सने १९९३ साली काढला, तोही फक्त सीडीवर. फ्लॉपीवर मावण्यातला तो नव्हताच. कथेला आधार १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’चा आणि १९८० च्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’चा. दोन्हींमधले प्रसंग उचलून १५ प्रकरणं केली आहेत आणि मधे मधे चित्रपटातले तुकडेही दिसतात. नायक चित्रपटातला ल्यूक नाही. तुम्ही ‘रूकी वन’ नावाचे नवखे वैमानिक असता, आणि वैमानिक बाई हवी की पुरुष हे आधी निवडता येतं. १९९३ च्या मानाने हे मला फार आवडलं.

चित्रपट पाठ असलेल्यांना एक इशारा. त्या ज्ञानाचा इथे उपयोग नाही, उलट गोंधळच होतो. चित्रपटांत डेथ स्टार, म्हणजे शत्रूचा अवाढव्य अंतराळ तळ, पहिल्या भागात फुटतो आणि होथ ग्रहावरची बर्फातली लढाई दुसऱ्या भागात येते. खेळात होथ आधी आणि डेथ स्टार शेवटी. माझा भाचा पहिल्यांदा हे बघून इतका अस्वस्थ झाला की लढायचं सोडून मला कालक्रम समजावत बसला. तोवर त्याचं विमान गेलं.

आता मुद्द्याचं, म्हणजे हा खेळ आतून कसा चालतो. हे कळलं की अर्धं काम झालं.

पडद्यावर ३२० गुणिले २०० ठिपके, म्हणजे ६४,००० ठिपके. प्रत्येकाच्या रंगाला एक बाइट. त्या काळच्या साध्या, एकपट वेगाच्या सीडी ड्राइव्हमधून सेकंदाला १५० किलोबाइट माहिती यायची. गुणाकार करून बघा. चित्रं जशीच्या तशी आणायची म्हटली तर सेकंदाला अडीचसुद्धा येणार नाहीत. म्हणून दृश्यं आधीच तयार करून, दाबून सीडीवर भरली आणि ती सलग वाचत राहील असं इंजिन व्हिन्सेंट ली यांनी लिहिलं. त्याचं नाव ‘इनसेन’. तेव्हा तुम्हाला जी दरी दिसते ती संगणक तुमच्यासाठी त्या क्षणी काढत नसतो. तो चालू असलेला एक लहानसा चित्रपट असतो, आणि तुमचं विमान त्यावर चिकटवलेलं असतं. तुम्ही वेग कमी करू शकत नाही, थांबू शकत नाही, मागे वळू शकत नाही. रीळ चालूच राहतं. तुमच्या हातात एवढंच की अमुक क्षणी विमान पडद्याच्या कुठल्या भागात असेल.

हे पुन्हा वाचा, कारण सगळी युक्ती यातच आहे. तुम्ही उडत नाही. योग्य क्षणी योग्य जागी उभे राहता. रंगमंचावरच्या नटासारखं: अमुक वाक्याला खिडकीपाशी, तमुक वाक्याला दाराशी. खिडकीपाशी तुम्ही डौलात आलात की धडपडत, याच्याशी खेळाला काही देणंघेणं नाही. वेळेला तिथे असलं म्हणजे झालं.

मांडामांड

खेळ आज मिळवणं सोपं आहे. गॉग आणि स्टीम या खेळ विकणाऱ्या दोन्ही संकेतस्थळांवर पहिला आणि दुसरा भाग एकत्र मिळतात आणि आतमध्ये डॉसबॉक्स, म्हणजे जुने खेळ आजच्या संगणकावर चालवणारा प्रोग्रॅम, बसवलेलाच असतो. मी आधी शहाणपणा करून वापरलेली मूळ सीडी कुणाकडून तरी घेतली होती. सातव्या प्रकरणात चित्र गोठायचं. सीडीवर नखाएवढा ओरखडा होता. चित्र सीडीवरूनच सलग वाचलं जात असल्यामुळे असा एक ओरखडा म्हणजे फाटलेलं रीळ. तुमच्याकडे जुनी सीडी असेल तर आधी तिची प्रतिमा फाइल बनवून हार्ड डिस्कवर ठेवा आणि डॉसबॉक्समध्ये तीच सीडी म्हणून जोडा. ड्राइव्हची घरघरही वाचते.

सेगा सीडी या खेळयंत्रावरची आवृत्तीसुद्धा आहे, पण त्या यंत्रावर एका वेळी ६४ च रंग दिसतात, पीसीवर २५६. खडक कुठला आणि सावली कुठली हे ओळखण्यावरच जीव अवलंबून असताना रंगांत काटकसर नको. पीसीचीच घ्या.

डॉसबॉक्सच्या सेटिंगच्या फाइलमध्ये तीन गोष्टी बघा. पहिली, ‘सायकल्स’, म्हणजे यंत्राचा वेग. खेळ जुना म्हणून यंत्र फार हळू ठेवलंत तर चित्र अडखळतं, भरमसाट वेग दिलात तर आवाज तुटायला लागू शकतो. मी २०,००० च्या आसपास सुरुवात करून कंट्रोल-एफ-११ ने कमी आणि कंट्रोल-एफ-१२ ने जास्त करत कानाला गुळगुळीत वाटेल तिथे थांबले. कानाला म्हणते, डोळ्याला नाही. चित्रातली अडखळ डोळा खपवून घेतो, आवाजातली कानाला लगेच कळते.

दुसरी, ‘ॲस्पेक्ट’. ती चालू ठेवा. त्या वेळचे ३२० गुणिले २०० चे ठिपके चौकोनी नव्हते, उभे थोडे लांब होते, कारण चित्र चारास तीन मापाच्या पडद्यावर पसरायचं. ही सोय बंद असली तर सगळं चपटं दिसतं. डोळ्याला अंतराचा अंदाज चपट्या दरीत लावायची सवय झाली की पुन्हा सुधारणं कठीण.

तिसरी जॉयस्टिकवाल्यांसाठी: ‘टाइम्ड’ ही ओळ ‘फॉल्स’ करा. नाहीतर हात स्थिर असताना विमान आपोआप एका बाजूला सरकायला लागतं आणि तुम्ही स्वतःच्या हाताला दोष देत बसता. माझे दोन दिवस यात गेले.

जॉयस्टिक की माऊस? खेळ जॉयस्टिक मनात धरून केलेला आहे आणि रंगत त्यातच आहे, हे मान्य. पण पार करायचा असेल तर माऊस. नेम धरायचे प्रवेश माऊसने निम्मे सोपे होतात. माऊस खिडकीत अडकला तर कंट्रोल-एफ-१० ने सुटतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात दुसरं काही करू नका, एवढंच तपासा: हात पुढे नेला की विमान वर जातं की खाली? मेंदूने आधी काहीतरी गृहीत धरलेलं असतं आणि ऐन वळणावर ते गृहीतक दगा देतं. मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत बाण काढून ठेवला होता. हसायचं तर हसा.

अडचणीच्या तीन पातळ्या आहेत. सोपी निवडा. त्यात कमीपणा काही नाही. तालमीच्या पहिल्या दिवशी कुणी पूर्ण वेशभूषा करून येत नाही.

वही

आता खरं काम. कुठल्याही नव्या प्रकरणाच्या पहिल्या खेपेला जिंकायचा प्रयत्न करू नका. गोळ्या झाडू नका, शत्रूकडे बघू नका. फक्त टिकून राहा आणि रस्ता बघा. दुसऱ्या खेपेला वहीत लिहा. तुम्ही एकटे असाल तर डॉसबॉक्समध्ये कंट्रोल-ऑल्ट-एफ-५ दाबलं की खेळाचं चित्रण सुरू होतं, पुन्हा दाबलं की थांबतं. ती फाइल नंतर सावकाश, थांबवत थांबवत बघा. आम्ही दोघं असल्यामुळे भाचा खेळायचा आणि मी मागे उभी राहून लिहायचे.

लिहायचं काय? इथे बहुतेकांची गफलत होते. ‘खडक आला की डावीकडे’ असं लिहून उपयोग नाही. खडक दिसल्यावर हलाल तर उशीर झालेला असेल, कारण विमान हाताबरोबर लगेच जागा बदलत नाही. त्याला सरकायला वेळ लागतो. प्रॉम्प्टरसुद्धा नट अडखळल्यावर वाक्य देत नाही, तो अडखळणार हे ओळखून श्वासभर आधी देतो. तसंच इथे. खडकाच्या आधीची खूण लिहायची. माझ्या वहीतलं पहिल्या प्रकरणाचं पान असं दिसतं: डाव्या रकान्यात खूण, म्हणजे रुंद उजेड, काळी भिंत, जोड सुळके. उजव्या रकान्यात जागा: ‘मध्य’, ‘डावं वर’, ‘उजवं खाली’. पडद्याचे मनातल्या मनात नऊ चौकोन करा, फुल्ली-गोळ्यासारखे. एवढी नऊ नावं पुरतात. यापेक्षा बारीक लिहाल तर खेळताना आठवणार नाही.

आणि खूण दिसणारीच असायला हवी असं नाही. मला हे बऱ्याच उशिरा सुचलं. यात आवाज चित्राच्याच प्रवाहातून येतो, दोन्ही एकत्र बांधलेले. म्हणजे संगीताचा अमुक ठेका आला की पडद्यावर अमुक वळण, हे दर खेपेला सारखंच. विंगेतून रंगमंच अर्धा दिसत नाही. तिथे कान हाच डोळा असतो. सहाव्या प्रकरणात लघुग्रहांच्या गर्दीत पाठलाग आहे. दगडच दगड, सगळे सारखे, नजरेला खूण धरायला काही नाही. तिथे मी खुणांच्या रकान्यात संगीत लिहिलं: ‘तुताऱ्या चढल्या’, ‘ढोल’, ‘शांत’. भाच्याला पटत नव्हतं. म्हणाला, “मावशी, हे काय नाटक आहे का?” म्हटलं, “अरे, हेच तर सांगतेय.”

म्हणून आवाज बंद करून खेळू नका. दुसरी गाणी लावून तर मुळीच नको.

अजून एक सवय: प्रत्येक वळणानंतर विमान मध्यावर आणा. नवखा माणूस डावीकडे जातो आणि डावीकडेच राहतो, मग पुढचं वळण उजवीकडे निघालं की अख्खा पडदा ओलांडावा लागतो. मध्यावरून कुठेही अर्ध्या अंतरात पोचता येतं. आणि हाताच्या हालचाली लहान ठेवा. घाबरून दिलेला हिसडा समोरच्या भिंतीपासून वाचवतो आणि बाजूच्या भिंतीवर आपटवतो.

नजर विमानावर ठेवू नका. आपलं विमान कुठे आहे हे डोळ्याच्या कडेने कळतं. बघायचं ते दूर, जिथे वाट उघडतेय तिथे. मागून विमान दिसतं त्या प्रवेशांत हे विशेष अवघड जातं, कारण विमान अगदी पडद्याच्या मधोमध नाचत असतं आणि डोळा नाचणाऱ्याकडे ओढला जातो.

पंधरा प्रवेश

पहिली तीन प्रकरणं म्हणजे शिकवणी: टॅटूइन ग्रहावरची बेगर्स कॅन्यन ही दरी, मग लघुग्रह, मग कोलाडोर नावाच्या ग्रहावरची अरुंद वाट. गंमत अशी की ही शिकवणी पुढच्या काही लढायांपेक्षा कठीण आहे. अनेक जण इथेच खेळ सोडून देतात आणि पुढचं कधीच बघत नाहीत. पहिल्या प्रकरणात नऊ चौकोन पक्के करा. दुसऱ्यात तुम्ही कॉकपिटमधून बघता, विमान समोर दिसत नाही, त्यामुळे स्वतःची जागा कळेनाशी होते. तिथे नियम उलटा लावायचा: दगड जिकडे सरकतोय त्याच्या विरुद्ध बाजूला जायचं, आणि जो दगड पडद्यावर एकाच जागी राहून नुसता मोठा होत चाललाय तो तुमच्याकडेच येतोय. खऱ्या जहाजांवरही टक्कर अशीच ओळखतात म्हणे. तिसऱ्यात घाई नडते. मी या प्रकरणाला सर्वांत जास्त पानं दिली, चार.

चौथ्यात स्टार डिस्ट्रॉयर या शत्रूच्या प्रचंड युद्धनौकेवर हल्ला, पाचव्यात टॅटूइनवर लढाई. इथून नेमबाजी सुरू होते, आणि त्याबद्दल सविस्तर सांगायला हवं.

गोळ्यांची मोजदाद नाही म्हणून बटण दाबून धरायचा मोह होतो. करू नका. कारण गोळ्यांच्या रेषा स्वतःच्याच डोळ्यांसमोर येतात आणि रस्ता झाकतात. शत्रूचा पाठलागही करू नका. टाय फायटर, म्हणजे शत्रूचं लढाऊ विमान, उजवीकडून निघून डावीकडे पळतंय आणि तुम्ही त्याच्या मागे नेमाची फुली ओढत नेताय, हे दृश्य मी भाच्याच्या खांद्यावरून शेकडो वेळा पाहिलं. फुली कायम एक वीत मागे. त्यापेक्षा ते जिथून बाहेर येतं किंवा जिथे जाणार आहे तिथे फुली आधी नेऊन ठेवा आणि ते आत शिरलं की झाडा. वहीत शत्रूंसाठी तिसरा रकाना करा: ‘ढोल, उजवं वर, दोन’. म्हणजे ढोल वाजले की उजव्या कोपऱ्यात दोन येतात.

आणि उडणं व नेम दोन्ही एकदम करायचं असेल तेव्हा काय आधी? उडणं. नेहमी उडणं. एखादं टाय सुटलं तर गुण जातात, खडक चुकवला नाही तर विमान जातं. मी तर अशा प्रकरणांत पहिल्या तीन-चार खेपांना बटणावरचं बोटच उचलून ठेवते. रस्ता झोपेतही चुकणार नाही असा झाला की मग बोट खाली.

सहावं प्रकरण वर आलंच. सात ते दहा ही होथची चौकडी. सातव्यात प्रोब ड्रॉइड, म्हणजे शोध घेणारे शत्रूचे यंत्रमानव. आठव्यात ते चार पायांचे अवाढव्य वॉकर. चित्रपटात त्यांच्या पायांना दोर गुंडाळून पाडतात. इथे दोर विसरा, बंदुकीनेच काम. एका फेरीत पडत नाहीत, पुन्हा पुन्हा चाल करून जावं लागतं. पांढऱ्या बर्फावर राखाडी वॉकर हे दृश्य आजही देखणं वाटतं. दर फेरीला एकच लक्ष्य ठरवा आणि बाकीच्याकडे पाठ फिरवा. चार ठिकाणी थोडं थोडं मारण्याने काही साधत नाही.

नववं प्रकरण पायी आहे. विमान नाही, तुम्ही बंदूक घेऊन तळाच्या बोळांतून चाललेले आणि समोरून स्टॉर्मट्रूपर, म्हणजे शत्रूचे सैनिक. उडायच्या सवयीने इथे हात फार पळतो. हा प्रवेश सर्वांत जास्त नाटकासारखा आहे: पात्रं ठरलेल्या कोपऱ्यांतून एंट्री घेतात. कोण कुठल्या विंगेतून येतं तेवढं लिहून काढलं की लगेच सुटतो. मला हा एकच प्रवेश हाती घेतला त्याच संध्याकाळी जमला. भाच्याला आठवडा लागला, आणि मी ते त्याला अजून विसरू दिलेलं नाही.

दहाव्यात बंडखोरांच्या वाहतूक जहाजाचं रक्षण. अकराव्यात याव्हिनवर पुन्हा शिकवणी. ही शिकवणी कंटाळवाणी म्हणून उरकू नका, शेवटच्या प्रकरणात लागणारा हात इथेच तयार होतो.

बारा ते पंधरा डेथ स्टार: टाय फायटरांचा हल्ला, पृष्ठभाग, तोफ आणि शेवटी ती चर. ही चार एका बैठकीत पार करण्याचा अट्टहास धरू नका. मी धरला, रात्री दोनपर्यंत बसले, आणि शेवटी डोळ्यांना सगळीकडे राखाडी भिंती दिसायला लागल्या. सरकत्या चित्राकडे एकटक बघण्याने काहींना मळमळतं. अर्ध्या तासाने उठा, लांबचं काहीतरी बघा.

पासवर्ड आणि फसवेगिरी

प्रकरणाच्या मधोमध खेळ साठवून ठेवायची सोय नाही. खेळायच्या संधी मोजक्या, आणि त्या संपल्या की मुख्य पानावर. पुढे सरकताना खेळ पासवर्ड देतो, तोच तुमचा आधार. स्टार वॉर्सच्या विश्वातली नावं असतात, उदाहरणार्थ बॉस्क. ती शब्दशः, एक एक अक्षर बघून वहीत उतरवा, आणि शेजारी पातळी लिहा, कारण सोप्या पातळीचा पासवर्ड कठीण पातळीत नेत नाही. मी एकदा ‘लक्षात राहील’ म्हणून लिहिला नाही. राहिला नाही. प्रॉम्प्टरने असं करावं यापरती नामुष्की नाही.

डॉसबॉक्स-एक्स नावाची वेगळी आवृत्ती आहे. तिच्यात खेळाची कुठल्याही क्षणीची अवस्था साठवता येते. म्हणजे ज्या वळणावर मरता त्याच्या पाच सेकंद आधी साठवा आणि तेवढंच वीस वेळा करा. ही फसवणूक का? सरावासाठी वापरलंत तर नाही. नाटकातही अडणारा प्रवेश वेगळा काढून घोटून घेतातच. पण दर दहा सेकंदांनी साठवत साठवत शेवटाला पोचलात तर तुम्ही खेळ पार केला असं मी तरी म्हणणार नाही. आमच्या घरातला नियम असा: तुकडा हवा तितका घोटा, पण प्रकरण सलग खेळलं तरच वहीत बरोबरची खूण.

दुसऱ्या भागाबद्दल थोडंच. ‘रेबेल असॉल्ट २’ १९९५ चा. त्यात खरे नट घेऊन चित्रीकरण केलं, दिग्दर्शन हॅल बारवुड यांचं, रूकी वन झालाय जेमिसन जोन्स. म्हणजे बाई वैमानिक निवडायची सोय गेली, याचा मला राग आहे. विमान हाताचं जास्त चांगलं ऐकतं, गोष्ट नवी आहे, आणि वहीची पद्धत तिथेही चालते. पण पहिला पार केल्याशिवाय तो उघडू नका. पहिल्याचा ओबडधोबडपणा नंतर सोसवत नाही.

चर

पंधरावं प्रकरण. दोन्ही बाजूंना भिंती, समोर अडथळे, आणि टोकाला ते छिद्र, चित्रपटात दोन मीटर रुंद सांगितलेलं. इथे नवीन काही शिकायचं नाही. जे चौदा प्रकरणांत केलं तेच, फक्त चुकीला जागा कमी. वहीतलं पान एकच ठेवा आणि तेही मोठ्या अक्षरांत. शेवटचा मारा करायचा क्षण घाईने घालवू नका: समोर छिद्र दिसलं म्हणून लगेच नाही, नेम जुळल्यावरच. चुकलं तर चर पुन्हा पहिल्यापासून उडावी लागते, म्हणून माऱ्याआधीची खूण तुमच्या वहीत लाल शाईने असायला हवी.

भाच्याने ही चर पार केली तेव्हा मी नेहमीसारखी त्याच्या मागे उभी होते आणि हळू आवाजात वाचत होते: मध्य, डावं खाली, मध्य, उजवं वर. अर्ध्यावर त्याने हात वर करून मला गप्प केलं. त्याला पाठ झालं होतं. मी वही मिटली तर त्याने वळूनही न बघता सांगितलं, “उघडी ठेव गं, मावशी, लागली तर.”

शेवटच्या माऱ्यानंतर चित्रपटाचा शेवट सुरू होतो. मधले प्रवेश वीस-वीस वेळा बघून एव्हाना तुमचं बोट दृश्य वगळणाऱ्या एस्केपवर जायला सोकावलेलं असेल. ते तेवढं कळफलकापासून दूर ठेवा.